पट्टी काढल्यावरचा सिगार

'सिगार अफिसिओनाडो' हे अमेरिकी नियतकालिक मार्विन शँकेन यांनी १९९२ साली काढलं. वर्षअखेरीस ते पंचवीस उत्तम सिगारांची यादी जाहीर करतं. चाचणीच्या वेळी प्रत्येक सिगारवरची कंपनीची रंगीत पट्टी उतरवतात आणि नुसता आकडा घातलेली पांढरी पट्टी चढवतात. ओढणाऱ्याला ना नाव कळतं, ना देश, ना किंमत. २००८ च्या यादीत पहिला आला तो निकाराग्वात वळलेला 'कासा माग्ना कोलोरादो रोबुस्टो'. त्याची किंमत पाच डॉलरच्या आसपास होती. दोन वर्षांनी, २०१० मध्ये, पहिला क्रमांक मिळाला क्युबाच्या 'कोहिबा बेहिके ५२'ला. तो तेव्हाही कितीतरी पट महाग होता, आणि आज त्याच्या एका नगाला शंभर डॉलरहून बरेच अधिक पडतात.

सिगारच्या किमतीवर वाद निघाला की मला हे दोन निकाल आठवतात. काहींचं म्हणणं असतं, महाग आहे म्हणजे चांगला असणारच. काहींना वाटतं, आत सगळा पाला सारखाच, पैसे नुसते नावाचे. मला दोन्ही पटत नाही. एका मर्यादेपर्यंत जास्तीचा पैसा खरोखरच चवीवर खर्च होतो. तो पानावर, मुरवण्याच्या वर्षांवर आणि वळणाऱ्याच्या हातावर जातो. पण ही मर्यादा लोक समजतात त्यापेक्षा बरीच खाली आहे. तिच्यापुढे जे मोजतो ते दुर्मिळतेचे आणि नावाचे.

आधी 'प्रीमियम' कशाला म्हणायचं ते पाहू. या मालाला सिगारेटचेच नियम लावायचे की नाही, यावर अमेरिकेत वर्षानुवर्षं खटला चालला. त्यात वापरलेली व्याख्या बरीच काटेकोर आहे. बाहेरून तंबाखूचं अखंड पान गुंडाळलेलं हवं, आतलं बांधणीचं पानही तंबाखूचंच हवं, भरण्यात निदान निम्मी लांब पानं हवीत, वळणी हाताची हवी. फिल्टर नको, टोकाला प्लास्टिक किंवा लाकूड नको. तंबाखू, पाणी आणि वनस्पतीचा डिंक यांखेरीज दुसरा घटक नको, वरून घातलेला स्वाद तर नकोच. म्हणजे कुणी एखाद्या सिगारला कोकोची, भाजक्या बदामाची, चामड्याची किंवा मिरीची चव आहे असं म्हणतो, तेव्हा त्यात यांतलं काहीही घातलेलं नसतं. जे काही आहे ते एका पाल्यातून निघालेलं असतं. मला या विषयाची ओढ लागली ती याच गोष्टीमुळे.

क्युबाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ नावाचा प्रांत आहे. त्यातल्या व्हुएल्ता आबाखो पट्ट्यात, सान लुईस आणि सान ह्वान इ मार्तिनेस या गावांच्या आसपास, तांबूस, भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणारी जमीन आहे. जगातली सगळ्यात नावाजलेली सिगारची तंबाखू इथली. काही शेतांवर पांढऱ्या विरळ कापडाचा मांडव घालतात. त्याच्या सावलीत वाढलेलं पान रुंद, पातळ आणि मऊ होतं, त्याच्या शिरा बारीक राहतात. हे पान सिगारच्या अंगावर दिसणार असतं. भरण्याची तंबाखू उघड्या उन्हात वाढते. तिचा शेंडा खुडतात, बगलेत फुटणारे फुटवे काढत राहतात. निपाणी भागात विडीची तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्याला हे काम सांगावं लागणार नाही. शेंडा खुडला की झाडाचा जोर फुलांत न जाता पानांत उतरतो, पान जाड आणि कडक होतं.

एकाच झाडावर चवी निरनिराळ्या असतात. तळातल्या पानांना 'व्होलादो' म्हणतात. ती पातळ असतात, चव बेताचीच, पण जळतात छान. मधली 'सेको', यांच्यात सुगंध जास्त. वरची 'लिखेरो' सगळ्यात अधिक ऊन खातात, म्हणून जाड, तेलकट, जोरकस असतात आणि सावकाश जळतात. क्वचित एखाद्या झाडाच्या अगदी टोकाला आणखी एक-दोन छोटी पानं धरतात, त्यांना 'मेदियो तिएम्पो' म्हणतात. बेहिकेच्या मिश्रणात ही पानं पडतात. सगळ्या झाडांना ती येत नाहीत, त्यामुळे बेहिकेची टंचाई काही अंशी शेतातूनच आलेली आहे, हे मान्य करायला हवं.

खुडलेली पानं जोडीजोडीने ओवून मोठ्या वखारीत आडव्या काठ्यांवर टांगतात. सुमारे पन्नास दिवस ती हवेवर वाळतात. खुडलं तरी पान लगेच मरत नाही. त्याचा श्वास चालू असतो आणि त्यात ते आपल्या अंगातली बहुतेक साखर संपवून टाकतं. सिगारेटची व्हर्जिनिया तंबाखू, म्हणजे आंध्र-कर्नाटकात पिकते ती, भट्टीच्या उष्णतेने काही दिवसांतच वाळवतात, म्हणून तिच्यात साखर शिल्लक राहते. या एका फरकाचे परिणाम लांबवर जातात. साखर असलेल्या तंबाखूचा धूर आम्लधर्मी असतो, तो छातीत ओढल्याशिवाय निकोटिन फारसं लागत नाही. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो. त्यातलं निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जातं. म्हणून सिगार ओढणारा धूर तोंडात घोळवतो, गिळत नाही.

वाळलेलं पान अजून ओढण्याजोगं नसतं. ते ओलसर करून माणसाच्या उंचीच्या गंजीत रचतात. गंजीच्या पोटात आपोआप उष्णता चढते. ती ठरल्या मर्यादेपलीकडे गेली की गंजी मोडायची, आतली पानं बाहेर, बाहेरची आत करायची, पुन्हा रचायची. या काळात पानातला अमोनिया उडून जातो. गंजी उलगडताना तो डोळ्यांना झोंबतो. कच्चा, तिखट, घशाला ओरबाडणारा भाग इथे निघून जातो आणि पान गडद होत जातं. 'मादुरो' म्हणतात ते जवळजवळ काळं पान मिळवायला जाड जातीचं पान लागतं, आणि ते जास्त काळ, जास्त उष्णतेत ठेवावं लागतं. अमेरिकेतल्या कनेक्टिकटचं ब्रॉडलीफ किंवा मेक्सिकोतल्या सान आंद्रेस खोऱ्याचं पान हे सोसतं, नाजूक पान कुजून जाईल. यानंतर गाठोडी बांधून पानं मुरत ठेवतात, एक वर्ष, दोन, कधी त्याहून जास्त. आज दुकानात घेतलेला चांगला सिगार तीन-चार वर्षांपूर्वीच्या पिकाचा असतो. एवढी वर्षं माल वखारीत पडून, म्हणजे भांडवल अडकून. घाईत काढलेल्या मालाला पहिल्या झुरक्यातच अमोनियाची झाक येते. ती झाक पैशाने जाते, आणि मला वाटतं, सिगारवर खर्च झालेला सगळ्यात सार्थ पैसा हाच.

वळणाऱ्याला स्पॅनिशमध्ये 'तोर्सेदोर' म्हणतात. त्याच्या टेबलावर लाकडी पाट, चंद्रकोरीच्या आकाराचं पोलादी पातं, रंगहीन डिंकाची वाटी आणि ओलसर फडक्याखाली झाकलेली पानं, एवढाच संसार असतो. पात्याला 'चावेता' म्हणतात. तो हातावर दोन पानं सेकोची घेतो, एक व्होलादोचं, आणि लिखेरोचं अर्ध पान बरोबर मधे ठेवतो, कारण सावकाश जळणारं पान मधे असलं तरच निखारा समान उतरतो. पानं एकावर एक चापून ठेवली तर हवेला वाट राहत नाही. म्हणून तो एकेक पान लांबीने दुमडत, पंख्याच्या घड्यांसारखं उभं धरत मुठीत गोळा करतो. किती दाबायचं हे बोटांनीच ठरतं. मूठ बांधणीच्या पानात गुंडाळून लाकडी साच्यात दाबली जाते. मग बाहेरचं पान चावेत्याने एका ओळीत कापून, शिरेची बाजू आत ठेवून तिरकं गुंडाळायचं आणि तोंडाकडच्या टोकाला छोट्याशा गोल तुकड्याची टोपी डिंकाने चिकटवायची. आकार सोपा असला तर चांगला कारागीर दिवसाला शंभराच्या आसपास सिगार करतो.

हवानाच्या कारखान्यांत १८६५ पासून एक प्रथा आहे. कामगार वळत असतात आणि 'लेक्तोर' म्हणजे वाचक उंच आसनावर बसून मोठ्याने वाचतो, सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी. पूर्वी या वाचकाचा पगार कामगार आपल्या कमाईतून देत. 'मोंतेक्रिस्तो' हे नाव अलेक्झांडर ड्यूमाच्या कादंबरीवरून आलं, ते या वाचनामुळेच असं सांगतात. अक्षरओळख नसलेल्या शेकडो कामगारांनी स्वतःच्या पैशांनी साहित्य ऐकलं, याचं मला सिगारच्या चवीपेक्षाही अधिक मोल वाटतं.

आता चवीकडे येऊ. जिभेला कळतं ते फार थोडं: कडू, गोड, खारट, आंबट अशा मोजक्या चवी. बाकीचं सगळं नाकाचं काम आहे. धूर तोंडात धरून त्यातला थोडासा नाकावाटे सोडला तर निम्म्याहून अधिक चव तिथेच उलगडते. तंबाखू मुरताना आणि जळताना तिच्यातली प्रथिनं आणि शर्करा एकमेकांशी संयोग पावून पायराझिन गटातले पदार्थ तयार होतात. भाजलेली कॉफी, कोको, शेंगदाणे यांचा वासही याच गटातून येतो. म्हणून कुणाला सिगारमध्ये कॉफी 'सापडते' तेव्हा ती कल्पना नसते. पानातली पिवळी-केशरी रंगद्रव्यं मुरताना मोडतात आणि त्यांतून गवत, चहा, फुलं यांची आठवण करून देणारे गंध निघतात. पेटीचं लाकूडही भर घालतं. ज्याला 'स्पॅनिश सीडर' म्हणतात तो देवदार नव्हे. ते कडुनिंबाच्या कुळातलं झाड आहे, आपल्या तुणीच्या अगदी जवळच्या नात्यातलं.

तीन गोष्टींची मात्र लोक गल्लत करतात. जोर म्हणजे निकोटिनचा परिणाम: डोकं हलकं होणं, पोटात ढवळणं. भार म्हणजे धुराचं तोंडातलं वजन. आणि चव ही तिसरीच. जोरकस सिगार चवीला सपाट असू शकतो, आणि सौम्य सिगारमध्ये चवीचे चार पदर असू शकतात. 'फार कडक आहे, भारी माल' हे कौतुक मला म्हणूनच पटत नाही. कडकपणा सगळ्यात स्वस्तात मिळणारी गोष्ट आहे. लिखेरो वाढवलं की झालं.

चांगला सिगार वाटेत बदलतो. पहिला एक तृतीयांश हिस्सा बहुधा कोरडा, लाकडाचा, नाकाला मिरी लागल्यासारखा. मधल्या हिश्श्यात गोडवा येतो, धूर मऊ होतो, आणि इथे सिगारची खरी ओळख पटते. शेवटचा हिस्सा तापलेला, गडद, थोडा कडू, कारण पुढच्या धुरातले जड पदार्थ मागच्या पानांत साचत आलेले असतात. मिनिटाला एखादा झुरका, यापेक्षा घाई केली की निखारा तापतो आणि सगळ्यात महागडा सिगारही जळक्या कागदासारखा लागतो. राख पांढरी असली म्हणजे माल उत्तम, हा समज मात्र सोडून द्यावा. राखेचा रंग जमिनीतल्या क्षारांवर, विशेषतः मॅग्नेशियमवर अवलंबून असतो. लांब टिकणारी राख एवढंच सांगते की आत अखंड पानं आहेत, चुरा नाही.

माझी आवडनिवड सांगायची तर ती अशी. क्युबाचा 'पार्तागास सेरिए डी नंबर ४' मातकट, तिखट, ठाम आहे, आणि चांगल्या पेटीतला असला तर त्याच्यासारखा दुसरा नाही. 'ओयो दे मोंतेर्रेय एपिक्युर नंबर २' सौम्य, सायीसारखा, लाकडाच्या वासाचा, पण त्याला वेळ द्यावा लागतो. दोमिनिकन रिपब्लिकमध्ये वळलेले 'दाविदॉफ' घडणीला निर्दोष असतात. चव मऊ, किंचित अळंब्यांच्या अंगाने जाणारी. मला ती आवडते, तिची किंमत पटत नाही. 'आर्तुरो फुएन्ते'चा छोटा 'हेमिंग्वे शॉर्ट स्टोरी' कॅमेरूनी पानात वळलेला, दोन्ही टोकांना निमुळता. तो आकार वळायला अवघड, तरी किंमत आवाक्यातली, आणि चव गोडसर, मसालेदार. निकाराग्वाच्या 'पाद्रोन'मध्ये कोको आणि कडक कॉफी इतकी स्पष्ट लागते की नवख्यालाही शोधावी लागत नाही. त्यांची साधी, ओबडधोबड दिसणारी मालिका आणि १९९४ पासूनची महाग '१९६४ ॲनिव्हर्सरी' मालिका यांत फरक आहे, आणि तो जाणवतो. साध्या मालिकेतही मात्र मला घराण्याची सगळी ओळख मिळते.

या घराण्यांचा इतिहास कळल्याशिवाय आजच्या किमती कळत नाहीत. १९६० साली फिडेल कास्त्रोच्या सरकारने क्युबातले सिगार कारखाने ताब्यात घेतले. फेब्रुवारी १९६२ मध्ये अमेरिकेने क्युबाशी व्यापार बंद केला. जगातली सगळ्यात मोठी सिगारची बाजारपेठ क्युबन मालाला एका रात्रीत मिटली. पिढ्यान् पिढ्या तंबाखूत असलेली घराणी देश सोडून बाहेर पडली आणि दोमिनिकन रिपब्लिक, होंडुरास, निकाराग्वा इथे नव्याने शेतं उभी करू लागली. होसे ओर्लांदो पाद्रोन यांनी १९६४ मध्ये मायामीत छोटा कारखाना काढला, पुढे निकाराग्वातल्या एस्तेलीला गेले. १९७८ च्या यादवीत तो कारखाना जळाला. १९८५ मध्ये अमेरिकेने निकाराग्वावरही व्यापारबंदी घातली, ती १९९० मध्ये उठली. एवढं सोसून त्यांनी उभा केलेला माल आज कोणत्याही क्युबन सिगारच्या शेजारी ताठ उभा राहतो. दोमिनिकन रिपब्लिकमध्ये बाहेरचं पान चांगलं पिकत नाही, असं व्यापारातले लोक ठासून सांगत. फुएन्ते कुटुंबाने ते पिकवून दाखवलं आणि १९९५ मध्ये 'ओपसएक्स' बाजारात आणला. त्याच्या चढ्या किमतीतला काही भाग त्या धाडसाचा आहे. तो मी नाकारत नाही.

क्युबाच्या बाजूने पाहिलं तर नावाला धक्के बसूनही किंमत चढत गेली. १९७९-८० मध्ये निळ्या बुरशीने तिथलं पीक उद्ध्वस्त केलं. 'कोरोखो' ही नामांकित जात रोगाला बळी पडत असल्याने नंतर सोडावी लागली. नव्वदच्या दशकात मागणी अचानक फुगली, उत्पादन घाईने वाढवलं, आणि इतके घट्ट वळलेले सिगार बाहेर पडले की त्यांतून हवाच येईना. सप्टेंबर २०२२ मध्ये 'इयान' वादळाने पिनार देल रिओतल्या वाळवणीच्या वखारी जमीनदोस्त केल्या. पण किमतीचा खरा भडका शेतात उडाला नाही. २०२० मध्ये 'इम्पीरियल ब्रँड्स'ने 'हबानोस' या निर्यात कंपनीतला आपला निम्मा हिस्सा आशियाई गुंतवणूकदारांना विकला. २०२२ मध्ये कोहिबा आणि त्रिनिदाद या क्युबन सिगारांच्या किमती जगभर हाँगकाँगच्या चढ्या पातळीला नेऊन ठेवल्या गेल्या. त्याआधी माद्रिदमध्ये ज्या भावात कोहिबा मिळे, त्याच्या दुप्पट-तिप्पट भाव एकदम झाले. पान तेच, वखार तीच, वळणारे हातही तेच. ज्याने आदल्या वर्षी ओढला त्याला चवीत काही दुप्पट मिळालं नाही.

देवगडच्या पेटीत कर्नाटकातला आंबा भरून विकणाऱ्यांना आपण ओळखतो. जिथे नावाची किंमत फळापेक्षा मोठी होते, तिथे नाव चोरण्यात नफा असतो. हवानाच्या रस्त्यांवर पर्यटकांना 'कारखान्यातल्या ओळखीतून आणलेला' कोहिबा विकतात, त्यातला बहुतेक माल बनावट असतो. काचेचं झाकण असलेली कोहिबाची पेटी तर बनावटीची खात्रीच समजावी. मराठी पर्यटकांनीही हे ध्यानात ठेवावं.

नाव कळल्याने चव बदलते का, याचं उत्तर वाइनच्या बाबतीत प्रयोगाने मिळालं आहे. हिल्के प्लासमन, अँटोनिओ रांगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तो प्रसिद्ध केला. लोकांना एकच वाइन दोनदा पाजली, एकदा स्वस्त सांगून, एकदा महाग सांगून. महाग म्हटल्यावर ती त्यांना अधिक आवडली, आणि आनंदाशी संबंधित मेंदूचा भागही खरोखर अधिक सक्रिय झाला. म्हणजे महागड्या सिगारचं कौतुक करणारा खोटं बोलत नसतो. त्याला तो तसाच लागतो. पण तो आनंद पानातून आलेला नसतो.

मित्रमंडळीत एकदा आम्ही पट्ट्या उतरवून, नुसते आकडे लावून सिगार ओढले होते. सगळ्यांत महागडा कुठला हे कुणालाच ठामपणे ओळखता आलं नाही. मध्यम किमतीचा निकाराग्वातला बहुतेकांच्या पसंतीला उतरला. मात्र एक सिगार वाईट वळलेला होता. त्याला गाठ होती, निखारा एका अंगाला पळत होता. तो दोष प्रत्येकाला पहिल्या काही झुरक्यांतच कळला. माझ्या दृष्टीने किमतीची मर्यादा इथेच दिसते. घडणीतला आणि मुरवण्यातला फरक कुणालाही कळतो, म्हणून त्याचे पैसे द्यावेत. त्यापुढच्या फरकासाठी पट्टी वाचावी लागते.

महागड्या पेटीत आणखीही खर्च लपलेले असतात. बाहेरच्या पानांच्या रंगछटा निवडून एका पेटीतले सगळे सिगार एकाच छटेचे, डावीकडून उजवीकडे किंचित फिकट होत जाणारे, असे लावतात. फार कसबाचं काम आहे, डोळ्यांना सुखावतं. चवीत काही भर पडत नाही. चकचकीत पेटी, नळी, क्रमांकित मर्यादित आवृत्ती यांचंही तेच. आणि भारतात आल्यावर त्यावर सीमाशुल्क आणि कर चढतात, त्यामुळे इथल्या दुकानातला भाव पाहून मालाची प्रत ठरवणं तर सर्वस्वी चूक.

आपल्याकडेही या वस्तूचा जुना इतिहास आहे. तमिळनाडूतल्या दिंडिगुलची तंबाखू आणि तिरुचिरापल्लीचा चिरूट एकोणिसाव्या शतकात इंग्लंडपर्यंत पोचला होता. १८८७ च्या 'अ स्टडी इन स्कार्लेट'मध्ये शेरलॉक होम्स राखेवरून खुनी 'ट्रिचिनोपोली' सिगार ओढत होता हे ओळखतो. मात्र तो चिरूट साधा, दोन्ही टोकं सरळ कापलेला, रोजच्या वापराचा माल म्हणूनच राहिला. पानांची प्रतवारी, वर्षानुवर्षं मुरवणं, शेतागणिक ओळख असं काही त्याच्या वाट्याला आलं नाही. पुढे विडी आणि सिगारेट यांनी त्याची जागा घेतली.

किमतीच्या हिशेबात एक रक्कम दुकानाच्या पावतीवर येत नाही. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. धूर गिळला नाही म्हणून धोका टळत नाही. रोज ओढणाऱ्यांत तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे पक्कं ठरलेलं आहे. सिग्मंड फ्रॉइड दिवसाला वीसच्या आसपास सिगार ओढत. १९२३ मध्ये त्यांच्या जबड्यात कर्करोग निघाला, तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, तोंडात कृत्रिम टाळू बसवावा लागला, आणि तरी १९३९ मध्ये मरण येईपर्यंत सिगार पूर्ण सुटला नाही. पानाची प्रत कितीही उंच असली तरी या बाबतीत ती काहीच फरक पाडत नाही. उत्तम मुरलेला सिगार तोंडाला सौम्य लागतो, पेशींना सौम्य नसतो.

म्हणून माझा निकाल असा. जो आधीपासून, क्वचित, विचारपूर्वक ओढतो, त्याने मध्यम किमतीचा, चांगल्या घराण्याचा, नीट मुरलेला सिगार घ्यावा, आणि पट्टीसाठी दुप्पट पैसे मोजू नयेत. घेताना बोटांनी हलकेच दाबून पाहावा. कुठे गाठ किंवा पोकळी लागली तर नाव कितीही मोठं असो, परत ठेवावा. रोजची सवय लागत असेल तर तिथेच थांबावं. आणि ज्याने आजवर तंबाखूला हात लावलेला नाही, त्याने या लेखातल्या कोको-कॉफीच्या वर्णनाने भुलून सुरुवात करू नये, ही माझी मनापासून विनंती आहे.